पाच बाटल्या आणि सर्दीच्या गोळ्या

नमस्कार मंडळी. गाळपाचे दिवस आहेत, म्हणून माझ्या चुलतभावाची हकीकत सांगतो.

दोन ट्रेलर ऊस भरून तो कारखान्याच्या यार्डात नंबर लावून उभा होता. तिसरी रात्र, डोळ्याला डोळा नाही. धुळीनं सर्दी झालेली. टपरीवरून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी घेतली आणि झोप उडावी म्हणून एनर्जी ड्रिंकची बाटली. मग दुसरी. पहाटेपर्यंत पाच. नाक मोकळं होईना, तशा गोळ्याही सुरूच. साडेचारला नंबर पुकारला, हा ट्रॅक्टरवर चढायला गेला आणि खालीच कोसळला. हातपाय झाडायला लागला, तोंडाला फेस. जमलेल्यांनी नाकाला चप्पल लावली, दातांत चमचा कोंबला. त्याचा पुढचा दात तुटला तो त्या चमच्यानं.

यार्डात ड्रायव्हरला पाठ टेकायला शेड हवी, हे मी कितीदा बोललोय! उसाला काटा आहे, बैलांना हौद आहे, माणसाला जागा नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नशापाणी? औषधं?" मी छातीठोकपणे सांगितलं, "काही नाही, दारूला शिवत नाही तो." सिस्टरनी खिशातली पट्टी काढली. दहातल्या सात गोळ्या संपलेल्या. बाटल्यांचं तर शुद्धीवर आल्यावर विचारून विचारून निघालं. "कोल्ड्रिंकच की ते, दादा," म्हणाला.

कोल्ड्रिंक नव्हे. पाव लिटरच्या बाटलीत 75 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं. दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त नको, हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. म्हणजे दोनच बाटल्या. मेंदूला शांत करणाऱ्या ॲडेनोसिनला कॅफीन अडवतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं, तेही जास्त झालं तर झटके आणू शकतं. वर जागरण. एका गोळीनं निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. जागरण, बाटल्या आणि गोळ्या एकत्र आल्या की धोका.

आणि फिट आली तर कुशीवर वळवा. पुन्हा सांगतो, कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, चमचा नाही, पाणी नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. डॉक्टरांना बाटली सांगा, गोळीही सांगा, न विचारता सांगा.

भावाला डॉक्टरांनी काही महिने गाडी चालवायला मनाई केली. उरलेला हंगाम ट्रॅक्टर आमच्या काकांनी चालवला, वयाच्या 63 व्या वर्षी.