फसवलं की फसलो? रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाचं जुनं भांडण

सुरुवातीलाच एक सूचना. 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही अगाथा ख्रिस्तीची कादंबरी वाचली नसेल, तर हा व्हिडिओ इथेच थांबवा. मिनिटाभरात खुनी कोण ते मी सांगून टाकणार आहे, आणि हे पुस्तक कोऱ्या मनाने वाचायची संधी एकदाच मिळते.

(दृश्य: इंग्लंडमधलं खेडेगाव, विटांची बैठी घरं, परसात भाजीचे वाफे)

अजून इथेच आहात ना? ठीक, पुढे जाऊ.

किंग्ज ॲबट हे इंग्लंडमधलं एक काल्पनिक खेडं. गावातला पैसेवाला गृहस्थ, रॉजर ॲक्रॉइड, स्वतःच्या अभ्यासिकेत मरून पडलाय. मागून खंजीर खुपसलेला. शेजारच्या एका घरात धंद्यातून निवृत्त झालेला हर्क्युल पॉयरो, ख्रिस्तीचा नेहमीचा गुप्तहेर, भोपळे पिकवतोय. त्याला ते इतके नकोसे झालेत, की एक भोपळा तो चिडून भिंतीपलीकडे भिरकावतो. तो पडतो शेजारच्या डॉक्टरच्या अगदी जवळ. हे डॉक्टर म्हणजे जेम्स शेपर्ड. पॉयरोचा नेहमीचा मित्र हेस्टिंग्ज अर्जेंटिनात, त्यामुळे सोबत्याची जागा रिकामीच असते. डॉक्टर तिथे जाऊन बसतात. पॉयरोबरोबर हिंडतात, टिपणं ठेवतात आणि सगळी हकीकत आपल्याला सांगतात.

खून केलेला असतो याच डॉक्टरांनी.

ही गोष्ट आधी १९२५ साली लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज'मध्ये क्रमशः आली, आणि जून १९२६ मध्ये पुस्तक निघालं. तेव्हापासून वाचकांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, ही सरळसरळ लबाडी आहे. दुसरा म्हणतो, असा डाव परत कुणाला टाकता आलेला नाही.

पहिल्या तटाचा राग समजून घ्यायला हवा. तेव्हाच्या वाचकाच्या दृष्टीने रहस्यकथा हा लेखकाबरोबर खेळायचा खेळ होता. पत्ते उघडे ठेवायचे आणि कोण आधी ओळखतो ते बघायचं. त्यात कथा सांगणारा माणूस म्हणजे आपल्या बाजूचा. शेरलॉक होम्सचा वॉटसनसुद्धा डॉक्टरच की! त्याच्यावर कोण कशाला संशय घेईल? पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला पहिलाच असा, की ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आलेत, तो गुन्हेगार निघता कामा नये. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन या रहस्यकथालेखकाने वीस नियम छापले होते. गुन्हेगार गुप्तहेराला फसवतो त्यापलीकडची कुठलीही फसवणूक लेखकाने वाचकाशी करू नये, असं त्यात बजावलं होतं.

आता ज्या जागी भांडण आहे, तिथे जाऊ.

(दृश्य: अभ्यासिकेचं दार, पितळी मूठ, भिंतीवरचं घड्याळ)

त्या रात्री डॉक्टर ॲक्रॉइडबरोबर बसलेले असतात. टपाल येतं. त्यात एका बाईचं, मरण्यापूर्वी लिहिलेलं पत्र. तिला धमकावून कोण पैसे उकळत होतं, ते त्या पत्रात आहे, आणि तो माणूस म्हणजे हे डॉक्टरच. डॉक्टर लिहितात, साधारण असं: टपाल आलं तेव्हा नऊला वीस कमी होते. मी निघालो तेव्हा नऊला दहा कमी, आणि पत्र अजून वाचायचंच होतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून मी क्षणभर घुटमळलो, मागे पाहिलं, काही करायचं राहिलं तर नाही ना, असा विचार केला.

यात एक शब्द खोटा नाही. फक्त दहा मिनिटं गायब आहेत, आणि खून त्या दहा मिनिटांत झालाय. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर स्वतःच हे वाक्य काढून दाखवतात, आणि तेही कौतुकाने! आपण किती सफाईने लिहिलंय बघा, म्हणून. मला विचाराल तर सबंध पुस्तकातली सगळ्यात भयंकर जागा ही. खुनाचा पश्चात्ताप नाही, पण आपल्या गद्यावर खूष.

ख्रिस्तीने आत्मचरित्रात आपली बाजू मांडली आहे. डॉक्टर खरं तेच सांगतो, सगळं सांगत नाही एवढंच, असं तिचं म्हणणं. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सही तिच्या बाजूने उभी राहिली: सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं काम आहे. मूळ कल्पना मात्र ख्रिस्तीची एकटीची नव्हे. तिच्या मेव्हण्याने, जेम्स वॉट्सने, ती बोलता बोलता सुचवली होती आणि लॉर्ड लुई माउंटबॅटननीही तशीच कल्पना पत्राने कळवली होती. होय, पुढे भारताचे व्हाइसरॉय झाले तेच.

तक्रार करायचीच तर मी डिक्टाफोनची, म्हणजे पत्राचा मजकूर बोलून ठेवायच्या यंत्राची करीन. साडेनऊला खोलीतून आलेला ॲक्रॉइडचा आवाज म्हणजे यंत्रावरचं रेकॉर्डिंग होतं, ही युक्ती जरा जुळवलेली वाटते. त्यातला पुरावा मात्र फर्मास. दाराबाहेरून ऐकू आलेलं वाक्य इतकं घोटीव असतं, की समोरासमोर कुणी तसं बोलतच नाही. पत्र सांगतानाच माणूस असं बोलतो. हे पॉयरोला कळतं, आपल्याला नाही.

भांडण इंग्लंडपुरतं राहिलं नाही. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने १९४४ मध्ये तिथल्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात रहस्यकथांची टर उडवली. चिडलेल्या वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला. त्यावर जानेवारी १९४५ मध्ये त्याने दुसरा लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं: रॉजर ॲक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला आहे? बऱ्याच जणांना होती, असं दिसतं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या लेखक-सभासदांनी मतं दिली, तेव्हा आजवरची सर्वोत्तम गुन्हेगारी कादंबरी म्हणून हीच निवडून आली.

सगळ्यात भन्नाट मत फ्रान्समधून आलं. १९९८ मध्ये पिएर बायार या साहित्याच्या प्राध्यापकाने अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, की पॉयरो चुकला. डॉक्टर निर्दोष आहेत. खून केला त्यांच्या बहिणीने, कॅरोलाइनने, आणि डॉक्टर तिला पाठीशी घालतायत.

वाचताना मजा येते, पटत मात्र नाही. कॅरोलाइन घराबाहेर पाऊल न टाकता गावाची खडान्‌खडा बातमी काढणारी बाई. ख्रिस्तीची लाडकी. पुढची मिस मार्पल, ख्रिस्तीची ती म्हातारी गुप्तहेर, बहुधा तिच्यातूनच आली, असं ख्रिस्तीने लिहून ठेवलंय. नोकराणी, दूधवाला, सगळे तिचे खबरे. तिने खून केला असता, तर कसा केला, कशाने केला आणि मेल्यावर रॉजर कसा दिसत होता, हे दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय तिला राहवलंच नसतं.