ला मोत-शांदनिए : छप्पर उडालेली गढी

(दृश्य : ड्रोनमधून. शेवाळलेलं पाणी, मधोमध बुरूज.)

छप्परच नाही, त्यामुळे वरून पाहिलं की नजर थेट घराच्या पोटात उतरते. तिथे आहे रान. दिवाणखान्यात झाडं, जिन्याच्या तोंडाशी झाडं, आणि भिंतींच्या वर डोकावणारे त्यांचे शेंडे.

पश्चिम फ्रान्समध्ये लूदाँजवळ ले त्र्वा-मूतिए नावाचं गाव आहे. तिथला हा ला मोत-शांदनिए. फ्रेंच माणूस याला शातो म्हणतो. किल्ला म्हणावं तर राहण्याचा थाट मोठा, वाडा म्हणावं तर चहूबाजूंनी खंदक. आपला 'गढी' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा.

तेराव्या शतकात ही जागा बोसे घराण्याची होती, नंतर रोशश्वार सरदारांची झाली. राज्यक्रांतीत लूट झाली. 1809 मध्ये हेनकार नावाच्या धनिकाने ती विकत घेतली.

(दृश्य : बुरुजाची निमुळती खिडकी, जवळून.)

हे बुरूज, ही टोकदार खिडकी बघून वाटतं, केवढं जुनं! तिथेच आपण फसतो. आज दिसणारा बराचसा डौल 1870 नंतरचा आहे. तेव्हाचे मालक बॅरन लजन यांनी मध्ययुगाची हौस म्हणून तो चढवला. आगगाडी धावायला लागली होती आणि श्रीमंतांना सरदारांचे बुरूज हवे होते. नक्कल म्हणून मात्र नाक मुरडवत नाही. हात सढळ होता आणि नजर चांगली.

(दृश्य : आतली भिंत, खालून वर.)

आता ही भिंत सावकाश बघा. खाली एक शेकोटी, दगडी चौकटीची. तिच्या वर, अधांतरी, आणखी एक. मधली जमीन जळून गेली, शेकोटी भिंतीलाच चिकटून राहिली. वरच्या खोलीत कुणीतरी थंडीत इथे हात शेकत असेल. आज तिथवर पोचायचं तर शिडी लागेल.

13 मार्च 1932. शेकोट्या होत्याच, पण काळाबरोबर राहायचं म्हणून घर उबदार ठेवणारी नवी यंत्रणा बसवली होती. आग तिच्यातूनच लागली. छत गेलं, लाकडी मजले गेले, ग्रंथालय गेलं, पॅरिसच्या नामांकित गोबलँ कारखान्यात विणलेले भिंतपडदे गेले. दगड तेवढा उरला, आणि पुढची कित्येक दशकं पावसाच्या आणि बियांच्या हवाली झाला. वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ ज्यांनी उपटून पाहिलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. मुळं भिंत फोडतात, आणि कधी कधी तीच तिला धरूनही ठेवतात. ती काढताना हात जपूनच चालवावा लागतो.

2017 मध्ये इंटरनेटवर लोकवर्गणीची हाक दिली गेली. किमान 50 युरो द्या आणि भागधारक व्हा. 115 देशांतल्या 25 हजारांहून जास्त लोकांनी मिळून 16 लाख युरो जमवले. खरेदीला 5 लाख लागले, बाकी डागडुजीला. महाल नव्याने उभारायचा नाही, आहे ते भग्नपण पडू न देता जपायचं, असं ठरलं. मला हा निर्णय पटतो. कोरं छप्पर घातलं असतं तर झाडांना हाकलावं लागलं असतं.

(दृश्य : आवारातली गोल इमारत.)

आगीतून वाचलेल्यांपैकी ही एक. कबुतरखाना. दादरचा डोळ्यांपुढे आणू नका. ही कबुतरं पाळायची, खायची. आणि असा कबुतरखाना बांधणं हा सरदारांचा हक्क. त्यांची कबुतरं शेतात पेरलेलं दाणं टिपायची आणि शेतकऱ्याने त्यांना मारलं तर तोच गुन्हेगार ठरायचा. चिडलेल्या गावांच्या तक्रारी व्हर्सायपर्यंत पोचल्या, आणि 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्क मोडीत निघाले, त्यात हाही गेला.

आता याच कबुतरखान्यात 50 युरो देणाऱ्याचाही वाटा आहे.