औषधाच्या पेटंटवर रुग्णाची हरकत

श्रोतेहो, नमस्कार.

रस्ता रुंद करायचा असला किंवा शहराचा विकास आराखडा बदलायचा असला, की पेपरात जाहिरात येते : 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत'. ज्याची जागा जाणार असते तो धावपळ करून अर्ज देतो. औषधाच्या पेटंटवरही अशी हरकत घेता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५(१) नुसार, अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही लेखी विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी औषध कंपनीच असायला हवं असं नाही. रुग्णालाही तो हक्क आहे.

पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी. तेवढी वर्षं दुसरं कुणी ते औषध बनवू शकत नाही आणि किंमत एकाच कंपनीच्या हातात राहते. मुदत संपत आली की बऱ्याचदा त्याच औषधाचा क्षार, म्हणजे मूळ द्रव्याला जोडलेला रासायनिक भाग, बदलून, किंवा स्फटिकाचं रूप बदलून नवा अर्ज येतो. औषधाचा गुण खरोखर वाढला नसेल तर असं पेटंट देऊ नये, हे कलम ३(ड) सांगतं. पण तसं दाखवून द्यायला कुणीतरी उभं राहावं लागतं.

रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकच्या बाबतीत विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च तेव्हा सव्वा लाखाच्या घरात, तर देशी जेनेरिकचा, म्हणजे तेच औषध इतर कंपन्यांनी बनवलेलं, दहा हजारांच्या आसपास. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी कंपनी हरली.

मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी हरकत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर बेडाक्विलिन नावाची गोळी आहे. ती येण्याआधी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शनं टोचत, आणि त्यात कित्येकांचे कान जात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी क्षयावर मात केली, पण उपचारात ऐकू येणं गमावलं. जॉन्सन अँड जॉन्सनला याच औषधाच्या फ्यूमारेट क्षारावर पेटंट हवं होतं. ते मिळालं असतं, तर २०२३ मध्ये संपणारी मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ मध्ये या दोघींनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि मूळ पेटंट संपताच आपल्याकडच्या कंपन्यांना जेनेरिक बनवण्याची वाट मोकळी झाली. ज्यांना स्वतःला आता त्या गोळीची गरज नव्हती, त्या चार वर्षं पुढच्या रुग्णांसाठी लढल्या. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता ही वाट अरुंद होते आहे. मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले. पूर्वी अशा हरकतीला शुल्क नव्हतं, आता भरावं लागतं. शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही, हे आधी पेटंट नियंत्रक ठरवतात. खोट्या नावांनी हरकती घेऊन अर्ज रखडवले जातात, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. खोट्या हरकती जरूर शोधून काढाव्यात. पण रुग्णांना आणि त्यांच्या संघटनांना हे शुल्क पूर्ण माफ असावं, आणि त्यांची हरकत सुनावणीशिवाय फेटाळली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या घरी कुणाचं महागडं औषध चालू असेल, तर ही मागणी आपल्या खासदारांकडे लेखी पाठवा.