एकट्याने सुटत नाही ते

मित्रांनो, मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे डोपामिन, मेंदू वगैरेंवर मी बोलणार नाही. ते सगळं तुम्ही रीलवरच ऐकलेलं असणार. आयोजकांनी पत्रिकेवर ‘सोशल मीडियाचं व्यसन’ असं छापलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्हिडिओ गेमचा विकार आहे, सोशल मीडियाचा अजून नाही. पण रात्री दीड वाजता, उद्या प्रॅक्टिकल असताना ज्याचा अंगठा थांबत नाही, त्याला त्या यादीशी काय घेणं? तेव्हा शब्द राहू द्या.

तुम्हाला आजवर मिळालेला सल्ला ठरलेला आहे. मन घट्ट कर, अ‍ॅप काढून टाक, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. अ‍ॅप काढलेले इथे बरेच असतील. परीक्षेआधी काढायचं आणि शेवटचा पेपर झाला की रिक्षात बसल्याबसल्या परत घ्यायचं. कुणी त्याच्या आधीच घेतलं असेल, कारण अमक्याचा साखरपुडा झाला, ट्रिप ठरली, सगळ्या वर्गाला ठाऊक होतं आणि याला नव्हतं.

हे असं का होतं, यावर शिकागो विद्यापीठातले लिओनार्डो बुर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक छान अभ्यास मांडला. तोही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच. त्यांनी आधी विचारलं, चार आठवडे तुमचं खातं बंद ठेवायचं तर किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं, टिकटॉकसाठी ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. म्हणजे वस्तू प्रिय आहे, असंच कुणीही म्हणेल. मग प्रश्न बदलला. तुमच्यासकट तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचीच खाती बंद होणार असतील तर? आता हिशेब उलटला. तसं व्हावं म्हणून विद्यार्थी स्वतःच्या खिशातले पैसे द्यायला तयार झाले. टिकटॉकसाठी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १०.

जरा थांबून बघा या आकड्यांकडे. बाजारात आपण असं मानतो की माणूस ज्या अर्थी एखादी वस्तू वापरतो, त्या अर्थी त्याला ती हवी असते. इथे वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती वस्तू नसलेलीच बरी वाटते. तरी वापरतात, कारण बाकीचे वापरतात. गावजेवणाला सगळे गेले आणि आपणच घरी राहिलो, तर जेवणाची भूक नसूनही चुटपुट लागते, तसं. मग दोष तुमच्या मनाच्या दुबळेपणाचा किती आणि या रचनेचा किती?

रचनेला जन्मापासून कॉलेजचा वास आहे. फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ ला हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि मग एकेक कॉलेज करत पसरलं. सगळीकडे एकाच दिवशी पोचलं नाही, हे संशोधकांच्या पथ्यावर पडलं. जिथे पोचलं आणि जिथे अजून पोचायचं होतं, त्या कॉलेजांतल्या मुलांच्या मानसिक आरोग्याची तुलना करता आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फेसबुक आल्यावर मुलांचं मानसिक स्वास्थ्य घसरलेलं दिसलं. आणि तेव्हा ना रील होती, ना लाइकचं बटण. लाइक आलं २००९ मध्ये. दुसऱ्याचं आपल्यापेक्षा बरं चाललंय, एवढं दिसणं पुरेसं होतं.

काही जण म्हणतात, सरकारने बंदी घालावी. घातली की! २९ जून २०२० ला टिकटॉक गेलं, ते सुरक्षेच्या कारणावरून. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. दहा दिवससुद्धा दम धरावा लागला नाही.

मला आशा वाटते ती सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाकडे पाहून. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल हातातून सुटेना. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं. शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या, समजावलं. त्या गावातल्या पोरांचा निश्चय तुमच्यापेक्षा दांडगा आहे, असं मला वाटत नाही. त्या दीड तासात ऑनलाइन फारसं कुणी नसतंच, त्यामुळे काही चुकेल ही धास्ती नाही. भोंग्याची हीच खरी किमया.

वसतिगृहात भोंगा लावा असं मी म्हणत नाही. रेक्टर माझ्यावर धावून येतील. पण एक अडचण आम्हा प्राध्यापकांनीच करून ठेवलीय. असाइनमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर, वेळापत्रकातला बदल रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर, एनएसएसच्या शिबिराची यादीही तिथेच. स्पर्धा परीक्षावाल्यांच्या नोट्स टेलिग्रामवर. फोन बाजूला ठेवणाऱ्या मुलाला आम्ही हजेरीत, मार्कांत शिक्षा करतो आणि वर त्याच्यासाठी असली व्याख्यानं ठेवतो.

प्राचार्य मॅडम समोरच बसल्या आहेत, म्हणून त्यांच्या देखत विचारतो. रात्री आठनंतर कुठल्याही वर्गाच्या ग्रुपवर प्राध्यापकांनी काही टाकायचं नाही आणि टाकलंच तर ते दुसऱ्या दिवशी फलकावर लागेपर्यंत बंधनकारक धरायचं नाही, एवढा नियम या सत्रापासून करता येईल का? वर्गप्रतिनिधींनीही आपापल्या वर्गाशी बोलून सांगावं. माइक पहिल्या रांगेत द्या.