वहीतला खर्च आणि निकालातला आकडा

(विशेष मुलांच्या पालकांच्या मेळाव्यात एका वकिलांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर या. मुलं आवाज करतील, करू देत. कोर्टात याहून जास्त गोंगाट असतो.

काही वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे आल्या. मांडीवर चार वर्षांचा मुलगा, मान अजून धरत नव्हता. बाळंतपणात रुग्णालयाची हयगय झाली असावी असा घरच्यांचा संशय, आणि विषय भरपाईचा. मी फाइल मागितली, तर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. रेघा मारून रकाने पाडलेले: डायपर, झटक्यांचं औषध, फिजिओ, एस.टी. आणि रिक्षा. शेवटचा रकाना ‘माझा खाडा’. एका तारखेला त्यात लिहिलं होतं, ‘नोकरी सोडली’. त्यानंतर तो रकाना कोरा. सासूबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, पोराच्या दुखण्याचे पैसे मागायचे म्हणजे कसंतरीच वाटतं हो.”

हे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. पण दुखण्याची किंमत कुठलंही कोर्ट ठरवू शकत नाही. ते त्या वहीची बेरीज करतं, आणि वही जितकी चोख तितकी बेरीज बरी.

चेन्नईचा एक खटला सांगतो. 1996 साली सरकारी रुग्णालयात 29व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली, वजन 1250 ग्रॅम. पंचवीस दिवस काचेच्या पेटीत होती. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे ठरावीक मुदतीत तपासावे लागतात, कारण पडद्यावर नको तशा रक्तवाहिन्या वाढू शकतात. तपासून घ्या, हे आईवडिलांना कुणी सांगितलंच नाही. मुलगी आंधळी झाली. हा प्रसूतीच्या खोलीतला अपघात नव्हे, हे मला माहीत आहे. पण हिशेब शिकण्यासारखा आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2009 मध्ये दिले 5 लाख. वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. 2015 मध्ये न्यायालयानं झालेल्या खर्चापोटी सुमारे 43 लाख आणि पुढच्या उपचारांसाठी 1 कोटी 38 लाख मंजूर केले. महागाई धरली, मुलीचं पुढचं आयुष्य धरलं. पाच लाख कुठे आणि हे कुठे! पण तारखा पाहा. निकाल लागला तेव्हा ती एकोणिसाव्या वर्षात होती.

आता मुदतीचं बोलतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच अडकतात. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावरच वर्षभर वाद चालतो. आणि आपल्याकडे काय होतं? बाळ बसत नाही म्हटलं की शेजारपाजारचे सांगतात, “आमचा पण उशिराच बसला होता.” सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा न राहणं, हा शब्द कानावर पडेपर्यंत दीड-दोन वर्षं गेलेली असतात. तिकडे रुग्णालयावर कागद जपायचं बंधन आहे तीन वर्षं, उपचार सुरू झाल्यापासून. घरच्यांना संशय यायला आणि कागद रद्दीत जायला एकच मुहूर्त. म्हणून दावा करायचा की नाही ते नंतर ठरवा, कागद आधी मागा. लेखी मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात, वैद्यक परिषदेचा 2002चा नियमच आहे.

त्या कागदांत एक तक्ता शोधा, पार्टोग्राफ. जोराच्या कळा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाला बाळाच्या ठोक्यांचा एक ठिपका त्यावर पडायला हवा. ताईंच्या केसमध्ये रात्री अकरापासून पहाटे साडेतीनपर्यंत ठिपकाच नव्हता. आणि पहाटेनंतरचे सगळे ठिपके एकाच पेनानं, एकाच ओळीत, शिस्तीत. प्रसूतीच्या खोलीत इतकं नीटनेटकं कुणी लिहीत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. प्रत्येक सीपी प्रसूतीत झालेली नसते. बहुतेक मुलांत कारण गर्भातलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा नंतरच्या आजाराचं असतं. डॉक्टरनं सगळं बरोबर करूनही बाळाला इजा होऊ शकते. मग हयगय सिद्ध होत नाही, आणि होऊही नये. अशा तक्रारी मी परत पाठवल्यात. पण परत जाणाऱ्या त्या आईच्या वहीतले रकाने अगदी हेच असतात हो! तोच डायपर, तीच रिक्षा. एकीला कोटभर मिळू शकतात, दुसरीला दमडी नाही, कारण आपण मुलाची गरज डॉक्टरच्या चुकीला बांधून ठेवली आहे. वकील म्हणून माझं पोट यावर चालतं, तरी मला हे पटत नाही.

जपाननं 2009 मध्ये ही गाठ बरीचशी सोडवली. तिथे प्रसूतीशी निगडित गंभीर सीपी असेल, तर चूक कुणाची हे सिद्ध न करता 3 कोटी येन मिळतात: 60 लाख सुरुवातीला, मग दरवर्षी 12 लाख, वीस वर्षं. सुरुवातीला दर बाळंतपणामागे 30 हजार येनचा हप्ता होता आणि तेवढीच रक्कम सरकारी प्रसूती अनुदानात वाढवून दिली होती. शिवाय प्रत्येक प्रकरणात कारणांचा अहवाल तयार होतो आणि तो घरच्यांच्या हातात देतात. मला पैशांपेक्षा याचा हेवा वाटतो. ताईंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं ते इतकंच, “त्या रात्री नेमकं झालं काय?” जन्मजात कारण असेल तर तिथेही दार बंद आहे, तेव्हा स्वर्ग समजू नका.

मघाशी एका दादांनी चिठ्ठी पाठवली: “बाळंतपण सरकारी दवाखान्यात, फुकट झालं. मग आम्ही ग्राहक कसे?” मुद्दा बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, पण जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ती ठिकाणं बाहेर ठेवली. तरी दिवाणी दावा आहे, उच्च न्यायालय आहे. रस्ता लांबचा, पण आहे. पैसे भरले असतील तर आयोग ठरतो तो भरलेल्या फीवर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. फी 50 लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोग, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. मुंबई-दिल्लीच्या नावानं कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

कागद मागण्याच्या अर्जाचे कोरे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. एकेक घेऊन जा. दोन प्रती करा, आणि दुसरीवर शिक्का, तारखेसकट पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.