धुकं किती ठेवणार?

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय भीतीचा आहे आणि त्यात रेडिओचाही वाटा आहे. 1999 साली कोनामी या जपानी कंपनीनं प्लेस्टेशनसाठी 'सायलेंट हिल' हा गेम काढला. हॅरी मेसन नावाचा एक लेखक, त्याची सात वर्षांची मुलगी शेरिल आणि धुक्यात बुडालेलं एक अमेरिकी गाव. गाडीला अपघात होतो, शुद्धीवर येऊन बघतो तर मुलगी गायब. पुढे हॅरीच्या हाती एक छोटा रेडिओ लागतो. त्यावर स्टेशन एकही लागत नाही, पण जवळपास काही वळवळलं की तो खरखरायला लागतो. म्हणजे संकट दिसायच्या आधी ऐकू येतं, आणि नेमकं कुठून येतंय ते मात्र कळत नाही.

या गेमचा रिमेक होतोय, असं कोनामीनं जून 2025 मध्ये जाहीर केलं. काम ब्लूबर टीम या पोलंडच्या स्टुडिओकडे आहे. घोषणेत दाखवलं म्हणाल, तर जवळजवळ नुसतं नाव. तारीख नाही, खेळतानाचं दृश्य नाही. तरी चाहते त्या दिवसापासून कामाला लागलेत, आणि त्याला कारण आहे. याच स्टुडिओनं 'सायलेंट हिल 2'चा रिमेक 8 ऑक्टोबर 2024 ला आणला होता. त्याआधी दोन वर्षं लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली: नायकाचा चेहराच जमला नाही, मारामारी फार झाली, वगैरे. गेम हातात आल्यावर बहुतेकांनी शब्द मागे घेतले आणि काही दिवसांतच दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. त्यामुळे या वेळी टिंगल कमी आणि अपेक्षा जास्त आहेत. स्टुडिओच्या दृष्टीनं ही दुसरी गोष्ट जास्त अवघड.

आता मुद्द्याचं बोलू. रिमेकमध्ये चित्रं देखणी होणार, यात शंका घेण्यासारखं काही नाही. प्रश्न आहे तो जुन्या गेममधल्या अडचणींचा. त्यातल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या दूर करायच्या?

धुक्यापासूनच सुरुवात करू. जुन्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी 2 मेगाबाइट, चित्रांसाठी वेगळी 1 मेगाबाइट. अख्खा रस्ता, दुतर्फा घरं आणि वर हिंडणारे प्राणी एवढं सगळं लांबपर्यंत काढणं त्या यंत्राला शक्य नव्हतं. म्हणून थोड्या अंतरापलीकडचं सगळं करड्या रंगात विरघळवून टाकलं आणि रात्रीच्या गावात तेच काम काळोखानं केलं. यंत्राची मर्यादा होती, तिचा गावाचा स्वभाव झाला. आजच्या यंत्राला ती मर्यादा नाही. आज धुकं दाट ठेवायचं की विरळ, हे कुणीतरी ठरवून करावं लागतं. आणि ज्यानं महिनोन्‌महिने खपून घरांच्या भिंती रंगवल्यात, त्याला त्या झाकाव्याशा वाटत नाहीत. खरा धोका इथे आहे. धुकं पातळ झालं की समोरचा कुत्रा वीस पावलं आधी दिसतो, आणि मग रेडिओला काही कामच उरत नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची, आणि इथे जरा थांबायला हवं. गेम सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात. शेरिलची सावली पुढे पळते, हॅरी तिच्यामागे एका गल्लीत शिरतो. सुरुवातीला कॅमेरा साधाच असतो. एक फाटक ओलांडलं की तो वर चढतो आणि डोक्यावरून खाली बघायला लागतो. पुढच्या वळणावर तो तिरका होतो, इतका की गल्ली एका बाजूला कलल्यासारखी वाटते. मग भोंगा वाजतो, अंधार पडतो, इवल्याशा ज्योतीपुरतंच दिसतं. चाकाची खुर्ची दिसते, रक्तानं माखलेल्या चादरीचं स्ट्रेचर दिसतं. शेवटी कुंपणावर काहीतरी लटकलेलं असतं. मागे वळावं, तर हातात सुऱ्या घेतलेली लहान लहान आकृती वाट अडवून उभी. इथे तुम्ही हरताच. हरल्यावर गेम संपत नाही, हॅरी एका कॅफेत जागा होतो.

ही गल्ली खांद्यामागच्या कॅमेऱ्यातून कशी दाखवायची? 'सायलेंट हिल 2'च्या रिमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागेच आहे. 'रेझिडेंट ईव्हिल 2' या भीतीच्याच दुसऱ्या एका गेमच्या 2019 मधल्या रिमेकनं तो पायंडा पाडला आणि तिथे तो चपखल बसला, कारण मूळ गेममध्ये कॅमेरे एका जागी खिळलेले होते आणि पोलीस ठाण्याच्या अरुंद बोळांत खांद्यामागून बघणं तितकंच कोंडल्यासारखं वाटतं. पण पहिल्या 'सायलेंट हिल'चा कॅमेरा खिळलेला नव्हताच. तो हलायचा, पाठलाग करायचा, आणि कुणीतरी वरून बघतंय असं वाटायला लावायचा. खांद्यामागे कॅमेरा लावला की तो बघणारा 'कुणीतरी' नाहीसा होतो. आमच्या मते निदान या गल्लीपुरता तरी कॅमेरा खेळाडूच्या हातातून काढून घ्यावा. कुरकुर होईल, होऊ द्यावी.

हॅरीचा अडाणीपणा हीसुद्धा जपण्यासारखी गोष्ट आहे. तो सैनिक नाही. पळताना भिंतीवर आदळतो, पळून थांबला की धापा टाकतो, नेम चुकतो. टॉर्च विझवला तर प्राण्यांचं लक्ष कमी जातं, पण मग अंधारात नकाशा वाचता येत नाही. ही देवाणघेवाण फार सुरेख आहे आणि ती काढायला कुणालाच सबब मिळू नये.

कोड्यांचं काय? मिडविच शाळेतल्या संगीताच्या खोलीत एक पियानो आहे. त्याच्या काही पट्ट्या वाजतच नाहीत. बाजूला पक्ष्यांची कविता. पेलिकन, कबुतर, डोमकावळा, हंस, कावळा असा क्रम आहे. म्हणजे पांढरी, पांढरी, काळी, पांढरी, काळी. दाबायच्या त्या मुक्या पट्ट्या, आणि कुठली आधी ते कवितेतल्या उडण्यावरून काढायचं. उत्तर सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा ते बदलणार हे गृहीत धरा. दुसऱ्या भागाच्या रिमेकमध्ये कोड्यांची काठिण्यपातळी मारामारीपासून वेगळी निवडता येते. ती सोय इथेही हवी.

काय गळेल, ही भीती मात्र पूर्णपणे रास्त आहे. 2020 मधल्या 'रेझिडेंट ईव्हिल 3'च्या रिमेकमधून घड्याळाच्या मनोऱ्याचा आतला भाग आणि बाग गळाली, त्याबद्दलची नाराजी अजून आहे. इथे नजर ठेवायची ती आडवाटेच्या भागांवर. शाळेतल्या छोट्या आकृतींच्या जागी युरोपच्या आवृत्तीत वेगळे प्राणी घातले होते, कारण त्या फार मुलांसारख्या दिसायच्या. आज त्याच आकृती बारीकसारीक तपशिलांसह काढल्या तर वयोगट ठरवणारी मंडळं काय म्हणतील, हा प्रश्न स्टुडिओला टाळता येणार नाही.

पहिला खरा ट्रेलर येईल तेव्हा तो नुसता बघू नका, थांबवून बघा. खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते आधी वाचा. दृश्य इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलंय, एवढंच लिहिलं असेल तर ते खेळताना तसंच दिसेल असा त्याचा अर्थ होत नाही. मग पडद्यावर बाण किंवा खुणा दिसतात का ते बघा. जुन्या गेममध्ये हॅरी नकाशावर स्वतः लाल खुणा करतो, तेवढी मदत पुरते. त्यानंतर डोळे मिटून आवाज ऐका. खरखर अंतराप्रमाणे वाढते का, की नुसती सुरू आणि बंद होते?

प्री-ऑर्डरबद्दल, म्हणजे गेम येण्याआधीच पैसे भरण्याबद्दल, स्पष्ट सांगतो, घाई नको. दुसऱ्या भागाच्या महागड्या आवृत्तीत 48 तास आधी खेळायला मिळत होतं, म्हणजे धीर न धरण्याचे जास्तीचे पैसे. पीसीवर तर थांबाच. अनरियल इंजिन 5 वरच्या बऱ्याच गेमांत नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर अडखळतं, कारण पुढचा भाग त्याच वेळी लोड होत असतो. दुसऱ्या भागाच्या रिमेकमध्येही तो त्रास होता. ग्राफिक्स सेटिंग कमी करून तो फारसा जात नाही. स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेले असताना पैसे परत मागता येतात. ते दोन तास शाळेपर्यंत पोचण्यात घाला; उघड्या रस्त्यावर अडखळणं लगेच कळतं.

दरम्यान जुना गेम खेळून घ्यायचा असेल तर तोही नीट खेळा. नव्या टीव्हीला जुनं यंत्र थेट जोडलं की बरेच टीव्ही त्याचा सिग्नल चुकीचा ओळखतात, चित्र फिसकटतं आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होते. टीव्हीचा गेम मोड लावा, जमल्यास मधे स्केलर, म्हणजे जुना सिग्नल नव्या टीव्हीजोगा करणारी पेटी, घाला. स्वतःच्या डिस्कवरून एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळत असाल तर चित्र रुंद करणारी युक्ती वापरू नका. मूळ गेम 4:3 च्या चौकटीबाहेरचं काही काढतच नाही, त्यामुळे कडेला भिंती अचानक उगवतात. रंगांमधले बारीक ठिपकेही काढून टाकू नका. धुक्याचा खडबडीतपणा त्या ठिपक्यांत आहे.

आणि शेवटांबद्दल. शेवट पाच आहेत, त्यातला एक उडत्या तबकडीचा, थट्टेचा. चांगला शेवट मिळवण्याची वाट गेम सांगत नाही. अल्केमिला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून प्लास्टिकची बाटली घ्या, संचालकाच्या खोलीत जमिनीवर सांडलेला लाल द्रव तिच्यात भरा, आणि पुढे जत्रेतल्या फिरत्या घोड्यांपाशी सिबिल ही पोलीस हल्ला करते तेव्हा तिला गोळी न घालता तो द्रव वापरा. रुग्णालयात भेटणाऱ्या डॉक्टर कॉफमनच्या गोष्टीचा धागा वेगळा: आधी ॲनीचा बार, मग इंडियन रनर हे दुकान, मग मोटेलमधली मोटारसायकल. यातलं एक जरी राहिलं तर मागे फिरता येत नाही, तेव्हा रुग्णालयात शिरण्याआधी मेमरी कार्डावर वेगळ्या जागी एक सेव्ह करून ठेवा आणि त्यावर पुन्हा लिहू नका.