होमरचे हात

या काडीकडे नीट पाहा. एका हुकात काड्यांचं पाकीट, दुसऱ्यात काडी. एक झटका, आणि ज्योत. शेजारचे दोघे सैनिक त्यावर सिगारेट पेटवून घेतात. पण त्यांचं लक्ष ज्योतीकडे नाही.

१९४६ सालचा हा चित्रपट, ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’. युद्धावरून घरी निघालेला खलाशी होमर पॅरिश, आणि होमरचं काम करणारा हॅरॉल्ड रसेल. ही कॅमेऱ्याची करामत नाही. बाहीत हात लपवलेले नाहीत. रसेलला खरोखरच दोन्ही हातांचे पंजे नाहीत. त्यांच्या जागी हे हुक.

आता हे पट्टे पाहा. पाठीवरून जाऊन दोन्ही खांद्यांना वेढलेले. त्यांना जोडलेली तार दंडावरून थेट हुकापर्यंत येते. खांदा पुढे केला की तार ताणली जाते आणि हुक उघडतो. खांदा सैल सोडला की हुकाच्या बुडाशी गुंडाळलेली रबरं तो मिटवतात. एवढंच यंत्र. बोटांना मऊ-कठीण आपोआप कळतं, हुकाला काहीच कळत नाही. ते डोळ्यांनी शिकावं लागतं. काडी मोडेल की पेटेल, हे रसेल खांद्याने ठरवतोय.

रसेल जन्माने कॅनडाचा, वाढला मॅसॅच्युसेट्समध्ये. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर सैन्यात भरती झाला. ६ जून १९४४, दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीला उतरल्या तो दिवस. त्या दिवशी रसेल नॉर्थ कॅरोलायनातल्या कँप मॅकॉलमध्ये स्फोटकं हाताळत होता. फ्यूज सदोष होता. टीएनटी हातातच फुटलं.

वॉल्टर रीड रुग्णालयात त्याने एक फिल्म पाहिली. पहिल्या महायुद्धात दोन्ही हात गमावलेला चार्ली मॅकगोनेगल तिच्यात हुकांनी आपली रोजची कामं करत होता. रसेलनेही प्लास्टिकचे हात नको म्हटलं आणि हुक मागून घेतले. पुढे सैन्याने रसेलवरच फिल्म काढली, ‘डायरी ऑफ अ सार्जंट’. ती दिग्दर्शक विल्यम वायलरच्या पाहण्यात आली. वायलर स्वतः युद्धात हवाई चित्रीकरण करताना कानाने अधू होऊन परतला होता.

मूळ कथेतल्या होमरचा, मेंदूच्या इजेमुळे, स्वतःच्या शरीरावर ताबा नसतो. एखाद्या धडधाकट नटाकडून ते सहज करवून घेता आलं असतं. तेव्हाही तसंच करत, आजही बहुतेक वेळा तसंच करतात. वायलरने होमरच बदलला आणि रसेलला बोलावलं. निर्माता सॅम्युअल गोल्डविनने त्याला अभिनयाच्या शिकवणीला धाडलं, तर तेही वायलरला रुचलं नाही. त्याला जे हवं होतं ते रसेलकडे आधीच होतं.

रात्र. होमर आपली प्रेयसी विल्मा हिला आपल्या खोलीत नेतो. अंग आक्रसून पट्ट्यांतून बाहेर येतो. हुक पलंगावर पडतात. आता दार वाऱ्याने लागलं तर मला उघडता यायचं नाही, असं तो तिला सांगतो. ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावते.

(इथे निवेदन नाही. दृश्य पूर्ण चालू द्यावं.)

१३ मार्च १९४७, लॉस एंजेलिस. ऑस्कर सोहळा. स्पर्धेत क्लॉड रेन्स, क्लिफ्टन वेब यांच्यासारखे कसलेले नट. रसेलला काही मिळेल असं अकादमीला वाटत नव्हतं, म्हणून जवानांना आशा आणि धीर दिल्याबद्दल त्याच्यासाठी एक खास ऑस्कर आधीच ठरवलेला होता. तो त्याला मिळाला. आणि साहाय्यक अभिनेत्याचा ऑस्करही त्यालाच मिळाला. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. यातला एक धैर्यासाठी होता, पण दुसरा अभिनयासाठी होता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तेच विसरलं जातं.

हात नसलेल्या नटाला भूमिका कुठून मिळणार, कॉलेजात परत जा, असं वायलरनेच त्याला सांगितलं. तो बॉस्टन विद्यापीठात गेला. पुढे अपंगांच्या रोजगारासाठी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष झाला. मोठ्या पडद्यावर परत आला तो थेट १९८० साली. १९९२ मध्ये पत्नीच्या आजारपणासाठी त्याने अभिनयाचा ऑस्कर ६०,५०० डॉलरना विकला. २००२ साली तो गेला.

लग्न लागतंय. होमरच्या हुकात अंगठी आहे. खोलीतली माणसं श्वास रोखून बघतायत. विल्माने हात पुढे केलाय. त्याच्या खांद्याकडे पाहा.